पोरगा आहे, त्याला काय होतंय?

शुक्रवारची संध्याकाळ झाली की द्रुतगती मार्गावरून गाड्यांची रांग लोणावळ्यात उतरू लागते. तुंगार्ली-वलवणचे बंगले उघडले जातात, पाण्याच्या टाक्या भरल्या जातात, हॉटेलांच्या भटारखान्यांत कांद्याची पोती सोडली जातात. पावसाळ्यात भुशी धरणाकडची गर्दी, हिवाळ्यात पवना धरणाच्या काठचे तंबू आणि बारा महिने चिक्कीची दुकानं. हा सगळा गाडा ओढणारी माणसं पर्यटकांच्या फोटोत कुठे दिसत नाहीत. मिसरूड फुटल्यापासून पंचविशीपर्यंतची ही पोरं. कुणी उत्तर प्रदेश-बिहारकडचं, कुणी नेपाळचं, कुणी मराठवाड्यातून आलेलं, तर कुणी याच मावळ तालुक्यातल्या, अंदर मावळच्या एखाद्या वाडीवरचं.

रात्री एक-दीडला शेवटचं टेबल उठतं. मग भांडी, मग फरशी. झोपायची सोय हॉटेलाच्या मागच्या खोलीत. सात-आठ गाद्या एकमेकींना चिकटून टाकलेल्या, खुंटीवर सगळ्यांचे कपडे एकत्र, दाराला आतून कडी असलीच तर ढिली. नवा आलेला पोरगा भिंतीकडेला झोपतो की मधे, हे तो ठरवत नाही. त्याच खोलीत वस्ताद आचारी झोपतो आणि मुकादमही. पगार कधी द्यायचा, त्यातून उचल किती कापायची, सुट्टी कुणाला द्यायची, गावी निघालेल्याला पुन्हा कामावर घ्यायचं की नाही, सगळं मुकादमाच्या मर्जीवर. अशा खोल्या भारतातल्या प्रत्येक पर्यटनगावात आहेत आणि त्यातल्या बहुतेकींत रात्र थकव्यानेच संपते. पण मुलग्यांवर आणि पुरुषांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराचा धोका कुठे वाढतो, याचा शोध घेणारे अभ्यास अखेर अशाच खोल्यांच्या दाराशी येऊन थांबतात.

मुलग्यांवर, पुरुषांवर असे अत्याचार होतात का, हा प्रश्न खरं तर २००७ सालीच निकालात निघायला हवा होता. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने त्या वर्षी बालकांच्या छळाविषयीचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून तो केलेला होता. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. आणि सांगणाऱ्यांत मुलगे ५२.९४ टक्के होते, म्हणजे मुलींपेक्षा थोडे जास्तच. गंभीर स्वरूपाचा अत्याचार सर्वांत जास्त आढळला तो रस्त्यावर राहणाऱ्या, कामावर जाणाऱ्या आणि संस्थांमध्ये ठेवलेल्या मुलांमध्ये. निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारा मुलाच्या ओळखीचा किंवा विश्वासातला होता. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती.

आता याच्या शेजारी पोलिसांचा कागद ठेवून पाहावा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२० च्या अहवालानुसार बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या ‘पॉक्सो’ कायद्याखाली देशात नोंदवल्या गेलेल्या, बलात्कारासारख्या २८ हजारांहून अधिक गुन्ह्यांत सुमारे ९९ टक्के पीडित मुली होत्या. खाजगीत विचारलं तर निम्मे मुलगे, आणि पोलीस ठाण्यात शंभरात एखादा. बाकीचे गेले कुठे? ते घरातच आहेत, वसतिगृहात आहेत, कामावर आहेत, आणि गप्प आहेत. मुलींच्या बाबतीतही नोंद न होणारे गुन्हे पुष्कळ असतात, त्यांचं दुःख तसूभरही कमी नाही. पण मुलीवर असं काही घडू शकतं, एवढं तरी समाजाने धरून चाललेलं असतं. मुलग्याच्या बाबतीत मावळातला एखादा बाप सरळ म्हणतो, “जाऊ दे रं, पोरगा हाय, त्याला काय हुतंय?”

काय होतं, ते मुंबईत आणि गोव्यात भर न्यायालयात सिद्ध झालेलं आहे.

मडगावात फ्रेडी पीट नावाचा गृहस्थ ‘गुरुकुल’ या नावाने अनाथ मुलग्यांसाठी आश्रम चालवत असे. गावात त्याला मान होता. परदेशातून देणग्या येत. एप्रिल १९९१ मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा त्याच्याकडे मुलांच्या छायाचित्रांचा आणि निगेटिव्हांचा मोठा साठा सापडला. हे मुलगे परदेशी पाहुण्यांनाही पुरवले जात होते. खटला रेंगाळत होता. तो तडीस जावा म्हणून पत्रकार शीला बारसे यांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला, आणि मार्च १९९६ मध्ये मडगावच्या सत्र न्यायालयाने पीटला जन्मठेप सुनावली. पुढे २००३ मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला.

मुंबईचं प्रकरण ‘अँकरेज शेल्टर्स’चं. कुलाबा, कफ परेड आणि रायगडातल्या मुरूड इथे रस्त्यावरच्या मुलांसाठी चालवलेले हे निवारे. चालक ब्रिटिश नौदलात काम केलेला डंकन ग्रँट, आणि त्याच्याकडे येऊन राहणारा ॲलन वॉटर्स. २००१ मध्ये इथल्या मुलांनी तोंड उघडलं. वॉटर्स अमेरिकेत पकडला गेला आणि २००४ मध्ये त्याला भारतात आणलं गेलं. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना ६ वर्षांची शिक्षा दिली. जुलै २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून शिक्षा कायम केली. म्हणजे तक्रार केली तेव्हा पोरवयात असलेल्यांना अखेरचा निकाल ऐकायला दहा वर्षं थांबावं लागलं. तोपर्यंत ते बाप्ये झाले होते.

ही दोन्ही प्रकरणं परदेशी माणसांची म्हणून गाजली आणि त्यामुळे एक सोयीचा समज पसरला, की हे किनाऱ्यावरचं, गोऱ्यांचं लफडं. तसं नाही. मावळच्या शेजारच्या खेड तालुक्यात, आळंदीत, जानेवारी २०२४ मध्ये एका वारकरी शिक्षणसंस्थेतल्या महाराजाला अल्पवयीन मुलग्यांवर अत्याचार केल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यानंतरही आणखी तक्रारी आल्या आणि विनापरवाना चालणाऱ्या निवासी संस्था बंद करा, अशी मागणी खुद्द आळंदीकरांनीच केली. हे महत्त्वाचं आहे. पखवाज आणि हरिपाठ शिकायला पोर पाठवणाऱ्या आईबापांची श्रद्धा इथे दोषी नाही. दोष आहे तो एका खोलीत वीस पोरं झोपवून त्यांच्यावर एकाच माणसाचा अंमल ठेवणाऱ्या आणि वर कुणालाच उत्तर देणं न लागणाऱ्या व्यवस्थेचा.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी पाहिल्या तर नेमकं हेच सूत्र पुन्हा पुन्हा हाती लागतं. पोरगा नाजूक आहे, गोरा आहे, फार बोलत नाही, मुलींसारखा वागतो, असली कारणं गावगप्पांत सांगितली जातात. यातलं काही अगदीच खोटं नाही. ज्याला वर्गात आधीच ‘बायल्या’ म्हणून चिडवलं जातं, त्याच्या वाट्याला छळ जास्त येतो, आणि समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींना हा धोका कितीतरी पटींनी सोसावा लागतो. पण ते चिडवणं आणि छळणं हे इतरांचं काम आहे. पोराचा स्वभाव हे त्याचं कारण नव्हे. अभ्यासकांना सतत दिसतं ते असं, की मूल किंवा माणूस घरापासून दूर आहे, रोजीरोटी किंवा शिक्षण एकाच माणसाच्या हातात आहे, रात्रीची जागा सामायिक आहे, आणि तक्रार करायची तर ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडेच करावी लागते. यात अपंगत्वाची भर पडली, लहानपणी आधी झालेल्या छळाची पडली किंवा दारू-नशेची पडली, की धोका आणखी वाढतो.

या कसोटीवर मावळ तालुका तपासायला फार डोकं चालवावं लागत नाही. लोणावळा, खंडाळा, तळेगाव परिसरात निवासी शाळा आहेत. डोंगरातल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी मुलांसाठी आश्रमशाळा आहेत. वीटभट्ट्या आहेत, जिथे कातकरी कुटुंबं हंगामभर मुक्काम टाकतात. तळेगाव एमआयडीसीच्या आसपास कंत्राटी कामगार खोल्यांतून कॉट बेसिसवर राहतात आणि त्यांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते. तालमी आहेत, क्रिकेटच्या अकादम्या आहेत. मुंबई-पुण्याच्या मधोमध रेल्वे स्टेशन आहे, तिथे घरातून पळालेली पोरंही उतरतात. आणि बंगल्यांचे केअरटेकर आहेत. मालक मुंबईला आणि आठवडाभर रिकाम्या घराची किल्ली एका माणसाकडे. यापैकी एकही जागा वाईट म्हणून सांगितलेली नाही. शाळेने, कारखान्याने, बंगल्याने या तालुक्याला रोजगार दिला. पण मुलीला अशा ठिकाणी ठेवताना जे चार प्रश्न घरचे विचारतात, ते मुलग्याला ठेवताना कुणी विचारत नाही.

खेळाच्या मैदानावरही हेच. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वूडवर्ड या माजी फुटबॉलपटूने, लहानपणी प्रशिक्षक बॅरी बेनेलने आपल्यावर अत्याचार केले, असं नाव घेऊन सांगितलं. त्यानंतर एकामागून एक खेळाडू पुढे येत गेले. अमेरिकेत बॉय स्काउट्स ही शतकभर जुनी संस्था २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिच्याविरुद्ध ८२,००० हून जास्त दावे दाखल झाले. धट्टीकट्टी, मैदानी पोरं ती. अंगात ताकद असली की असं काही होत नाही, हा समज तिथेच मोडीत निघाला.

ताकदीच्या या समजापायीच सगळ्यात क्रूर प्रश्न विचारला जातो: “तू ओरडला का नाहीस? मारलं का नाहीस?” भीतीने माणूस पळतो किंवा लढतो, हे शाळेत शिकवलेलं असतं. पण तिसरीही प्रतिक्रिया असते. शरीर गोठतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. हा मेंदूचा फार जुना बचाव आहे आणि तो बाई-पुरुष असा भेद करत नाही. याहून अवघड गोष्ट म्हणजे अत्याचाराच्या वेळी पुरुषाच्या शरीरात ताठरता येऊ शकते, वीर्यपातही होऊ शकतो. ही मज्जासंस्थेची आपोआप होणारी क्रिया आहे. तिचा इच्छेशी संबंध नाही, जसा गुदगुल्या झाल्यावर येणाऱ्या हसण्याचा आनंदाशी नसतो. अत्याचार करणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं. “तुलाही आवडलंच की,” एवढं एक वाक्य तो बोलतो आणि पोरगा वीस वर्षं तोंड उघडत नाही. आपणच तसे आहोत का, हा किडा डोक्यात शिरतो. मग दारू, चिडचिड, लग्नानंतरच्या अडचणी, आणि घरच्यांना काही उमगत नाही.

मुंबईतले कार्यकर्ते हरीश अय्यर यांनी हे उघडपणे सांगितलं. सातव्या वर्षापासून अकरा वर्षं एका नातेवाइकाने केलेला अत्याचार त्यांनी मे २०१२ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमात देशासमोर मांडला. ओनीर यांच्या ‘आय ॲम’ या चित्रपटातली एक कथा त्यांच्याच आयुष्यावर बेतलेली आहे. त्याच महिन्यात संसदेने पॉक्सोला मंजुरी दिली आणि १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो लागू झाला. आधीचा कायदा मुलग्याला जवळजवळ ओळखतच नव्हता. अँकरेजच्या आरोपींवर मुख्य कलम लागलं होतं ते १८६० सालच्या दंडसंहितेतलं, ‘अनैसर्गिक’ संभोगाविरुद्धचं ३७७. पॉक्सोमध्ये मात्र १८ वर्षांखालचं कोणीही ‘बालक’ आहे, मुलगा असो की मुलगी.

आरोपी बाई असली तर? तिथे तर समाजाची जीभ सैल सुटते. २०२५ मध्ये मुंबईतल्या एका शाळेतल्या शिक्षिकेला अल्पवयीन विद्यार्थ्यावर अत्याचार केल्याच्या आरोपावरून अटक झाली. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण बातमीखाली लोकांनी जे विनोद केले, पोराला ‘नशीबवान’ ठरवलं, ते पाहता शिक्षिकेच्या जागी पुरुष आणि विद्यार्थ्याच्या जागी मुलगी असती तर यातल्या एकाचीही तशी हिंमत झाली नसती. पॉक्सोखाली बाईही आरोपी होऊ शकते, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला आहे.

आणखी एक अफवा पीडितांना गप्प ठेवते. ज्याच्यावर अत्याचार झाला तो मोठेपणी स्वतः तेच करतो, असं सर्रास बोललं जातं. लंडनमध्ये लहानपणी अत्याचार झालेल्या २२४ पुरुषांचा बरीच वर्षं मागोवा घेऊन केलेला अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातल्या २६ जणांनी, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांनी, पुढे असा गुन्हा केल्याचं आढळलं. बाकीच्यांच्या नावावर तसं काही सापडलं नाही. तरी या अफवेच्या भीतीने कित्येक जण स्वतःच्या लेकराला कडेवर घ्यायलाही बिचकतात.

आता अठरा वर्षं ओलांडलेल्या पुरुषाकडे वळू. इथे कायद्यात चक्क खिंडार पडलं आहे.

समजा, उद्या लोणावळा शहर पोलीस ठाण्यात २२ वर्षांचा वेटर आला आणि रात्री बंगल्यावर तिघांनी कोंडून आपल्यावर बलात्कार केला, असं त्याने सांगितलं. ठाणे अंमलदार भारतीय न्याय संहिता उघडेल. कलम ६३, बलात्कार: पीडित स्त्रीच असली पाहिजे. ३७७ शोधेल, तर ते नव्या संहितेत नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला दोन सज्ञान व्यक्तींमधल्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून मोकळं केलं होतं. जबरदस्ती मात्र गुन्हाच राहिली होती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि ३७७ पूर्णच गेलं. जोखडाबरोबर ढालही गेली. मग अंमलदाराकडे उरतं काय? कलम ११५ किंवा ११७ खाली दुखापत, १२७ खाली कोंडून ठेवणं, ३५१ खाली धमकी. गुंगीचं औषध दिलं असेल तर १२३. व्हिडिओ पसरवला असेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा. बलात्कार हा गुन्हा म्हणून कागदावर येणार नाही.

यातली विसंगती तर नाट्यछटेत शोभावी अशी आहे. याच संहितेच्या कलम ३८ नुसार ‘अनैसर्गिक वासनेच्या’ हेतूने हल्ला झाला, तर स्वसंरक्षणासाठी हल्लेखोराचा जीव घेतला तरी तो गुन्हा ठरत नाही. कलम १४० मध्ये त्याच हेतूने केलेलं अपहरण हा गुन्हा आहे. म्हणजे पळवून नेणं गुन्हा आणि प्रतिकारात मारून टाकणं माफ. पण पळवून नेल्यावर जे केलं, त्याला स्वतंत्र कलम नाही.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, असंही नाही. विधी आयोगाने २००० मध्ये आपल्या १७२ व्या अहवालात बलात्काराची व्याख्या स्त्री-पुरुष भेदाशिवाय करावी, असं सुचवलं होतं. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये पीडित कोणीही असू शकतो, ही भूमिका घेतली. त्यानंतरच्या वटहुकुमात व्याख्या बदललीही होती, पण दोन महिन्यांत आलेल्या कायद्यात ती पुन्हा स्त्रीपुरती झाली. त्यामागे स्त्री संघटनांचा आक्षेप होता आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. आरोपीच्या जागीही ‘कोणीही’ आलं, तर तक्रार करणाऱ्या बाईवरच उलट तक्रार ठोकली जाईल, ही त्यांची भीती. वर्मा समितीचा तोडगा म्हणूनच शहाणपणाचा होता: पीडित कोणीही असेल, आरोपी पुरुष. नोव्हेंबर २०२३ मध्ये गृहखात्याच्या संसदीय स्थायी समितीनेही संमतीविरुद्धच्या कृत्यांसाठी ३७७ ठेवावं, अशी शिफारस केली होती. ती बाजूला ठेवली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राला यावर लवकर निर्णय घ्यायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायदा करणं हे संसदेचं काम, म्हणून हस्तक्षेप नाकारला.

इंग्लंडने १९९४ मध्ये पुरुषावरचा बलात्कार कायद्यात आणला. तो आला नसता तर मँचेस्टरचं प्रकरण बलात्काराचं म्हणून उभंच राहिलं नसतं. रेनहार्ड सिनागा नावाचा विद्यार्थी रात्री क्लबबाहेर पडलेल्या, दारू प्यायलेल्या तरुणांना ‘जरा घरी टेक’ म्हणून न्यायचा, गुंगीचं औषध द्यायचा. २०१७ मध्ये एकाला मधेच जाग आली आणि सिनागाचा फोन पोलिसांच्या हाती लागला. त्या फोनमधल्या चित्रफितींवरून पुढे ४८ पुरुषांवरचे १३६ बलात्कार सिद्ध झाले. बहुतेकांना पोलीस दारात येईपर्यंत आपल्यावर काय झालं याची कल्पनाच नव्हती. शनिवारी रात्री लोणावळ्याच्या बंगल्यांत ओळखीपाळखीच्या, अर्ध्या ओळखीच्या पोरांच्या पार्ट्या झडतात. तिथेही ग्लास कुणी भरला, हे पाहणारं कुणी नसतं.

मोबाइलने तर नवीच वाट उघडून दिली आहे. अनोळखी ‘मुलगी’ व्हिडिओ कॉल करते, पोरगा कपडे काढतो, आणि पुढच्या मिनिटाला चित्रफीत नातेवाइकांना पाठवण्याची धमकी येते. २०२२ मध्ये पुण्यात दत्तवाडी भागातल्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने अशा छळाला कंटाळून जीव दिला. पोलीस माग काढत राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात पोहोचले, तेव्हा हा तिथे धंदाच झाल्याचं दिसलं. दुसरा प्रकार समलिंगी पुरुषांच्या डेटिंग ॲपवरचा: भेटायला बोलवायचं, घेरायचं, मारायचं, चित्रीकरण करायचं आणि लुटायचं. घरी कळेल या धास्तीने तक्रार होत नाही, आणि टोळीचं भांडवल तेवढंच असतं. पुण्यात २००२ मध्ये सुरू झालेल्या समपथिक ट्रस्टने आणि बिंदुमाधव खिरे यांनी हे दुखणं मराठीत बोलून दाखवलं. बाकी मराठी समाजाने कानावर हात ठेवले.

कोठडीतल्या छळाचा उल्लेख टाळून चालणार नाही. एप्रिल २०१४ मध्ये वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यात एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याच्याबरोबर पकडलेल्यांनी, ज्यांत एक अल्पवयीन होता, मारहाणीबरोबर लैंगिक छळाचेही आरोप केले. उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. वसतिगृहातलं रॅगिंग हे याचंच धाकटं भावंड. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला, तरी नव्या पोराचे कपडे उतरवण्याला अजून ‘मस्ती’च म्हटलं जातं. कॉलेजमधल्या मुलग्याला एक आधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार तोही अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची तक्रार करू शकतो. कामावरच्या पुरुषाला ती सोय नाही, कारण कामाच्या ठिकाणच्या छळाचा २०१३ चा कायदा स्त्रियांपुरता आहे. सरकारी मदतीचंही तसंच. राज्याच्या मनोधैर्य योजनेत महिला आणि बालकं येतात. बालकांत मुलगा आला, पण सज्ञान पुरुषाला त्यातून काही मिळत नाही.

असं काही घडलं तर काय करायचं, हे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं. पोराला लगेच आंघोळ घालू नये. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकच्या नको. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत पुरुष आणि तृतीयपंथी पीडितांच्या तपासणीचीही पद्धत दिलेली आहे. तेव्हा ‘पुरुषांची केस आम्ही घेत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. पीडित अल्पवयीन असेल तर त्याचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे, पोलिसांनी साध्या कपड्यांत घ्यायचा असतो. गुन्ह्याची माहिती असून लपवणाऱ्यालाही पॉक्सोखाली शिक्षा आहे. संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर १ वर्षापर्यंत कैद. संस्थेतल्या माणसानेच बलात्कारासारखं कृत्य केलं असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान २० वर्षं. ‘आपसांत मिटवून टाकू’ म्हणणाऱ्या पंचांना हे मुद्दाम ऐकवावं.

मावळात ठाण्याची हद्दही माहीत असलेली बरी. लोणावळा, कामशेत, वडगाव ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे, तर तळेगाव आणि देहूरोड पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. पण हद्द कुणाचीही असो, गुन्हा कोणत्याही ठाण्यात ‘शून्य क्रमांका’ने नोंदवून घ्यावाच लागतो.

आश्रमशाळा, अकादमी, हॉटेल, भट्टी चालवणाऱ्यांना खर्चाचं काही मागणं नाही. मोठ्यांची आणि पोरांची झोपायची खोली वेगळी करा. दाराला आतून धड कडी बसवा. पगार आणि सुट्टी मुकादमाच्या हातून काढून घ्या. रात्री पोरांबरोबर राहणाऱ्या माणसाची पोलीस पडताळणी करा. आणि फळ्यावर चार नंबर मोठ्या अक्षरांत लिहा: मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२, मोबाइलवरच्या खंडणीसाठी १९३०, मनाच्या आधारासाठी १४४१६. पोरगा बोलायला आला, तर ऐकून घेणाऱ्याने पहिलं वाक्य एवढंच बोलावं: “तुझी चूक नाही, सांग मला.”